खिंडसीच्या काठावर उलट्या अर्थिंगची गाडी

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवतो. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या काही मालकांनी फेब्रुवारीच्या अखेरीस रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकाठी तंबू ठोकून शनिवार-रविवार मुक्काम करायचे ठरवले, तेव्हा एखादी गाडी अडलीच तर हाताशी जाणकार माणूस असावा म्हणून त्यांनी आमच्या संस्थेकडे विचारणा केली आणि प्राचार्यांनी दोन प्रशिक्षणार्थ्यांसह माझी रवानगी केली.

नागपूरहून मनसरपर्यंतचा महामार्ग चांगला असल्याने गाड्या झोकात आल्या. तारांच्या आरांची चाके, कापडी टप, जमिनीलगत बसवलेली आसने. रस्त्याकडेला शेतातली कामे थांबली होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, “काऊन जी, एवढ्या महागाच्या गाडीले काचा बी नाहीत?” काचा नाहीत, कारण त्या काळच्या काही उघड्या गाड्यांना त्या मुळातच नसत, पावसात बाजूचे पडदे लावायचे. “मंग आमची बंडी काय वाईट?” असे म्हणून तो हसत धुऱ्याकडे वळला. मला उत्तर सुचले नाही.

दुपारी तळावर पोहोचता पोहोचता १९६५ सालची एक लाल एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी चढावर बंद पडली. ऊन चांगलेच तापले होते, त्यामुळे जमलेल्या मंडळींनी ‘व्हेपर लॉक’ असे निदान लगेच करून टाकले. म्हणजे उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली आणि पुरवठा तुटला. कोणी नळीवर ओला पंचा गुंडाळायलाही निघाले. इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप वर खेचून पेट्रोल आणतो, तिथे हा दोष नेहमीचाच आहे. पण या गाडीत पंप विजेवर चालतो आणि तो मागच्या उजव्या चाकाजवळ, गाडीच्या पोटाखाली असतो. तो पेट्रोल मागून पुढे ढकलत असल्याने वाफेचा संशय मला पहिल्या क्रमांकावर ठेवावासा वाटला नाही.

मी सर्वांना गप्प राहायला सांगितले आणि मालकांना फक्त चावी फिरवायला लावली. हा पंप शाबूत असला तर चावी फिरवताच टक्-टक् असा आवाज करतो आणि कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवेचे मिश्रण पुरवणाऱ्या भागाच्या, वाट्या भरल्या की आपोआप थांबतो. आवाज आला नाही. माझ्या एका प्रशिक्षणार्थ्याने मल्टिमीटर काढला, काळी वायर बॉडीला आणि लाल वायर पंपाच्या टोकाला लावली, आणि मीटरने उणे बारा व्होल्ट दाखवले.

“सर, बॅटरी उलटी जोडली आहे,” असे म्हणून तो आसनांमागचे झाकण उघडायला गेला. त्या झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. मी त्याचा हात धरला. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, म्हणजे अर्थिंग आजच्या उलट. ऋण टोक बॉडीला जोडण्याची आजची पद्धत या गाडीत नंतर आली. अशा गाडीची जोडणी ‘सुधारायला’ जाणे म्हणजे मालकांनी हौसेने टिकवलेला त्या काळचा रेडिओ जाळणे. शिवाय मदतीला आलेल्या बोलेरोने हिला केबल लावून उठवायचे ठरवले असते आणि दोन्ही गाड्यांचे बंपर चुकून एकमेकांना टेकले असते, तर दोन्ही बॉडींना बॅटरीची विरुद्ध टोके जोडलेली असल्याने थेट शॉर्टसर्किट झाले असते. मुलांनी ते वहीत आकृती काढून स्वतः तपासले, तेव्हाच त्यांना पटले.

मीटरच्या त्याच आकड्यात निदानही होते. पंपापर्यंत वीज पोहोचते आहे, म्हणजे दोष पंपाच्या आत आहे. मी गाडीखाली सरकलो आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने पंपाला हलकेच दोनदा ठोकले. टक्-टक् सुरू झाले. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण ही दुरुस्ती नव्हे, तात्पुरती सोय आहे. आतल्या कॉन्टॅक्ट पॉइंटवर काजळी धरली की पंप अधूनमधून अडतो, म्हणून संध्याकाळी टोपण उघडून ते बारीक पॉलिश पेपरने साफ केले. पेट्रोलच्या रबरी नळ्याही कडक झाल्या होत्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, हे मी मालकांना स्पष्ट सांगितले.

बॉनेट उघडल्यावर मात्र मला घरी आल्यासारखे वाटले. या गाडीचे १७९८ सीसीचे इंजिन आणि आपल्या अॅम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन एकाच ब्रिटिश बी-मालिकेतले. सरकारी अॅम्बॅसेडरचे टॅपेट, म्हणजे झडपांची फट, लावत मी हे काम शिकलो. तोच चार सिलिंडरांचा १-३-४-२ हा ज्वलनक्रम, तीच टॅपेटचे झाकण उघडून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवण्याची रीत. रामटेक परिसरात विलायती गाडी कोण दुरुस्त करणार, ही मालकांची चिंता त्यामुळे मला थोडी विनोदी वाटली.

रात्री वडाभात आणि कढी झाल्यावर गप्पा नोंदणीच्या नियमांवर आल्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात फारसा बदल न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र ती रोजच्या वापरासाठी नसते, तर रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. काहींना ही अट जाचक वाटते. मला ती रास्त वाटते, कारण या गाड्यांचे ब्रेक आजच्या महामार्गावरील रहदारीसाठी बनलेले नाहीत.

रविवारी सकाळी लाल एमजीबी पहिल्या चावीला सुरू झाली आणि मनसरच्या दिशेने गेली. परतताना मुलांनी विषय काढला तो संस्थेच्या शेडमध्ये निर्लेखनाची, म्हणजे भंगारात काढले जाण्याची, वाट पाहत उभ्या असलेल्या अॅम्बॅसेडरचा. ती सुरू करता येईल का, असे त्यांनी विचारले. इंजिन फिरते, एवढे मला माहीत आहे. सोमवारी प्राचार्यांकडे अर्ज दिला. निर्लेखनाचा प्रस्ताव तूर्त थांबवावा, एवढीच त्यात मागणी आहे.