दास म्हणे

आठवीत मराठीच्या सरांनी 'केवढे हे क्रौर्य' शिकवली, त्या दिवशी निम्मा वर्ग त्या घायाळ पक्षिणीपायी रडवेला झाला होता आणि निम्मा मधल्या सुट्टीची वाट पाहत होता. मी दुसऱ्या निम्म्यात. घंटा व्हायच्या बेतात सर सहज म्हणाले, "रोज प्रार्थनेला गाता ना, त्यातली कितीतरी गीतं याच माणसाची." डब्याकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला.

नगरच्या आमच्या मिशन शाळेचा दिवस पेटीवर सुरू व्हायचा. पेटीची एक पट्टी दाबली की वर येत नसे. गाणे चालू असतानाच सर ती नखाने उचलत. गीते ख्रिस्ताची, चाली थेट भजनाच्या. त्यातले एक मी घरी पाणी भरताना गुणगुणत होतो. आजी माळकरी. तिने विचारले, "शेवटी कोण म्हणतंय रे?"

"दास म्हणे."

"मग समर्थांचं असेल," म्हणून तिने विषय मिटवला.

तो दास म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातले करजगाव. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातले डोंगरावरचे प्रवचन काही त्यांना सोडीना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती बसली, हे बाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर कळते. खरे सांगायचे तर ते वाचताना टिळकांचा मला अनेकदा रागच आला.

पण उपदेशक म्हणून माणूस वेगळाच. अमेरिकन मराठी मिशनचे काम, मिशनच्या 'ज्ञानोदय' नियतकालिकाचे संपादन हे सगळे होतेच. पण ख्रिस्त मराठी माणसाला सांगायचा तर अभंगातून, कीर्तनातून, हा त्यांचा हट्ट. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. माझ्यासारखी गंध लावून प्रार्थनेला उभी राहणारी पोरे त्या दरबारात सहज खपली असती. त्यानंतर दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचे त्यांचे महाकाव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेत न गेलेल्या बाईंनी!

त्या संध्याकाळी मी आजीला सांगून टाकले, की हा दास रामदास नव्हे, ख्रिस्ती पाद्री होता. ती तांदूळ निवडत होती. सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला.

"बरं. पण म्हणताना दुसऱ्या ओळीला घाई करतोस तू. ठेका धर."