क्लबात जाऊन तुम्ही नेमकं करता काय?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं, की ओळख थोडी मुरल्यावर हा प्रश्न येतोच. साडीला लावलेली चाकाची पिन दिसते आणि मग विचारतात, “तुमच्या त्या रोटरी क्लबात असतं तरी काय? करता काय तुम्ही तिथे?” हॉटेलातलं जेवण, हारतुरे आणि स्थानिक वर्तमानपत्रातला फोटो एवढंच बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

ठरलेल्या दिवशी आम्ही पुन्हा जातो. हेच आमचं मुख्य काम.

एकदा मदत करणाऱ्यांची ठाण्यात कमतरता नाही. कुठे पाणी शिरलं, कुठे चाळीला आग लागली, तर रात्रीतून टेम्पोभर धान्य, चादरी आणि भांडी गोळा होतात. पण काही गरजा दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी उभ्या राहतात. तिथे एकट्या माणसाचा उत्साह दोन-तीन वर्षांत संपतो. त्याची बदली होते, त्याचे गुडघे दुखू लागतात, मुलांची दहावी येते. क्लबात मात्र त्याच्या जागी दुसरं कोणीतरी उभं राहतं.

शहापूरचं उदाहरण घ्या. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. मुंबई पिते त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून बायका टँकरची वाट पाहत बसतात. पाऊस तिथे धो धो पडतो, पण उतारावरून ओढ्यांतून निघून जातो. तो थोडा अडवला तर खालच्या विहिरींना पाझर राहतो. त्यासाठी आम्ही वनराई बंधारे घालतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, वाळू-मातीने पाऊण भरायच्या, दाभण-सुतळीने तोंड शिवायचं आणि विटांसारख्या सांधे चुकवून ओढ्यात आडव्या रचायच्या. फटींत चिकणमाती ठासायची. गोणी गच्च भरली की ती नीट बसत नाही आणि शेजारच्या गोणीशी फट राहते, हे आम्हाला पाड्यावरच्या एका आजोबांनी शिकवलं. ओढा कुठे अडवायचा तेही तिथलेच लोक सांगतात. आमच्यात स्थापत्य अभियंते आहेत, पण तेही आधी त्यांना विचारतात.

हे काम पाऊस थांबल्यावर आणि ओढा वाहता असतानाच करावं लागतं. नेमकी तेव्हाच भातकापणी असते. म्हणून तारीख ठाण्यात बसून ठरवत नाही, पाड्यावर विचारून ठरवतो. सकाळची कसारा लोकल पकडायची, आसनगाव किंवा आटगावला उतरायचं, तिथून जीप. वागळे इस्टेटमधले आमचे एक कारखानदार वर्षभर गोण्या साठवून ठेवतात. दातांच्या डॉक्टर असलेल्या आमच्या एक ताई पाड्यावरच्या मुलांचे दात तपासून घेतात आणि मग त्याही गोण्या शिवायला बसतात. दुपारी पाड्यावरच्या बायका तांदळाच्या भाकऱ्या आणि झणझणीत चटणी वाढतात, त्या जेवणाची सर कुठल्याही हॉटेलाला नाही.

पुढच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पुरात बंधारा वाहून जातो. तो कच्चाच असतो, त्यामुळे दरवर्षी नव्याने घालावा लागतो. नवे सदस्य विचारतात, “मग पक्का का नाही बांधत?” जिथे जागा, परवानगी आणि पैसा जमतो तिथे पक्काही बांधावा, जरूर बांधावा. पण तोवरच्या उन्हाळ्यांत त्या विहिरीतून दोन हंडे जास्त निघाले, तर त्या घरातल्या मुलीची सकाळची शाळा बुडत नाही. माझ्या लेखी तेवढं पुरेसं आहे.

रक्तदानाचंही असंच. आपल्याकडे जयंत्या, वाढदिवस आणि सणांच्या दिवशी शिबिरांची गर्दी होते. पण रक्त साठवून साठवणार किती? नेहमीच्या पिशवीतलं रक्त 35 दिवस टिकतं, प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. मे महिन्यात अर्धं ठाणं कोकणात किंवा देशावर गावी जातं, कॉलेजं बंद असतात, आणि रक्तपेढीतले फ्रीज रिकामे पडू लागतात. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1998 पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणजे भिस्त सगळी स्वेच्छेने येणाऱ्यांवर. म्हणून आम्ही शिबिराआधी रक्तपेढीला फोन करतो आणि ती सांगेल ती तारीख घेतो. सभागृह मोकळं असतं, पाहुणे मोकळे असतात, म्हणून तारीख काढणं मला अजिबात पटत नाही.

शिबिरात बऱ्याच बायका हिमोग्लोबिन 12.5च्या खाली आलं म्हणून परत जातात. उत्साहाने आलेल्या असतात, ओशाळतात. त्यांना चहा-बिस्किट देऊन वाटेला लावणं आम्ही बंद केलं. आमच्या डॉक्टर सदस्य त्यांच्याशी तिथेच बसून बोलतात, आकडा फारच कमी असेल तर पुढच्या तपासण्या करायला पाठवतात. घरातल्या सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बायकांना स्वतःच्या रक्ताचा आकडा पहिल्यांदा कळतो तो या टेबलावर. रक्ताच्या पिशव्यांइतकंच हे काम मला मोलाचं वाटतं.

रोटरी सुरू झाली 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी असे चौघे जमले होते. वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं एकत्र बसवण्याची ती रीत अजून आहे, आणि कामाला तीच उपयोगी पडते. बायकांना मात्र जगभर सदस्यत्व खुलं झालं 1989 साली. त्याआधी आम्ही सदस्यांच्या बायका म्हणून, म्हणजे ‘ॲन’ म्हणून कार्यक्रमांना जात असू. कामं तेव्हाही करत होतो, फक्त बोर्डात मत नव्हतं.

पोलिओबद्दल सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. जगातून पोलिओ घालवायचं काम रोटरीने 1985 साली अंगावर घेतलं. आपल्याकडे पल्स पोलिओ सुरू झाला 1995 साली. एका डोसने भागत नाही, त्याच मुलाला पुन्हा पुन्हा थेंब द्यावे लागतात, म्हणून ते रविवार. रविवारी बूथ, नंतर घरोघरी फेरी, डाव्या करंगळीवर शाई. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011चा, हावड्याची एक लहान मुलगी. 27 मार्च 2014 रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. हे यश सरकारी यंत्रणेचं, आशाताईंचं आणि अंगणवाडी सेविकांचं आधी, आमचं नंतर. पण अफगाणिस्तान-पाकिस्तानात विषाणू अजून फिरतो आहे, त्यामुळे बूथ लागतो तेव्हा आम्ही अजूनही जातो.

आता क्लबातलं जे मला खटकतं तेही सांगते. दर 1 जुलैला अध्यक्ष बदलतो. प्रत्येकाला आपल्या वर्षात काहीतरी नवीन करून दाखवायचं असतं. मग एका शाळेत पाण्याचं शुद्धीकरण यंत्र बसतं, उद्घाटन होतं आणि फिल्टर बदलायला पुढच्या वर्षी पैसे ठेवलेले नसतात. असं बंद यंत्र मी पाहिलं आहे, आणि त्याच्यावरची आमची पाटी वाचवत नव्हती. म्हणून बोर्ड मीटिंगमध्ये माझा आग्रह एकच असतो, नव्या प्रोजेक्टआधी जुन्याच्या देखभालीची रक्कम बाजूला काढा. काही वर्षं मान्य होतो, काही वर्षं होत नाही. मी पुढच्या वर्षी पुन्हा मांडते.

वर्गणी, बैठका, जेवणं हे सगळं आहेच. बैठका पंधरवड्याला तरी होतात, जेवणाचा खर्च आपापला. कामं ठरतात ती त्याच टेबलांवर, आणि एकमेकांची सवय झालेली माणसं ओढ्यात उभी राहून भांडत नाहीत. पण सदस्य व्हायलाच हवं असं मुळीच नाही. गोण्या शिवायला हात लागतात, त्यांना पिन लागत नाही. दिवाळीच्या सुमारास रविवार मोकळा असेल तर मला सांगा, जुने बूट घालून या. आणि रक्त द्यायचं मनात असेल, तर गावी जायच्या आधी, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्या.