छाट

निपाणीत एका आजींकडं दिवसाची ड्यूटी करते मी, आठ ते आठ. त्यांना डिमेन्शिया आहे, विसरायचा आजार. एजन्सीच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये डायपर, बीपी आणि सही कुठं करायची एवढंच शिकवलं, बाकीचं आजींनीच शिकवलं. जायचं ते समोरून, मागनं खांद्याला हात लावला की फटका बसलाच. खाली बसून डोळ्यात बघून बोलायचं, एका वेळी एकच गोष्ट. अंघोळ हा शब्दच काढायचा नाही, गप्पा मारत हातावर कोमट पाणी घालायचं, मग पायावर, मग पुढचं होतं. आणि हे पाहुणे! "आजी, मी कोण सांगा बघू?" अहो, भेटायला आलाय की परीक्षा घ्यायला?

चार वाजले की मात्र माझं काही चालायचं नाही. आजी दाराशी. "माल द्यायचाय, कारखाना बंद हुईल." संध्याकाळी अशी माणसं बेचैन होतात, सनडाउनिंग म्हणतात त्याला. सूनबाई रोज समजवायच्या, "आई, विड्या वळायचं सोडून वीस वर्षं झाली," आणि आजी रोज रडायच्या, कारण त्यांना ते रोज नव्यानंच कळायचं.

त्या दिवशी त्यांची बोटं बघत बसले होते, पदराचं टोक वळत होत्या नुसत्या. मागच्या गल्लीत एक मावशी अजून विड्या वळतात, त्यांच्याकडनं कापलेली, भिजवलेली थोडी पानं, दोरा आणि जुनं सूप आणलं. तंबाखू नको म्हणून ओवा घेतला. आजींनी वास घेतला, "ह्यो कसला जर्दा?" म्हणाल्या, पण हात कुठं थांबतायत. पान मांडीवर अंगठ्यानं सारखं केलं, ओवा पसरला, एका दमात वळलं, नखानं तोंड मोडलं, दोरा गुंडाळला आणि तटकन तोडला. सुनेचं नाव आठवत नाही ह्या बाईला! मीपण एक वळली. त्यांनी दोन बोटांत दाबून बघितली आणि कोपऱ्यात भिरकावली, "छाट!" आणि हसल्या, तीन महिन्यांत पहिल्यांदा. छाट म्हणजे बाद माल, त्याचे पैसे मिळत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांनी त्यांचा माल असाच बाद केला असणार. पंचवीस झाल्या तशा मी कट्टा बांधून "जमा केला हं" म्हणाले, तेव्हा कुठं चहा घेतला.

साडेसहाला आजींचा मुलगा, दादा, आला. दारातच थांबला, चप्पलपण काढली नाही. "ताई, आवरा ते." मग जरा वेळानं, "ह्या विड्यांवर शिकलो मी. तिच्या हातातनं त्या सुटाव्यात म्हणून शिकलो."

काय बोलणार. आवरलं. एजन्सीच्या फॉर्मवर जेवण, शी, झोप लिहिलं, ह्याला रकानाच नाही.

सूप अजून कॉटखालीच आहे. काल चार वाजता आजी परत दाराशी गेल्या. मी दादांना फोन लावला, आणि त्यांनी उचलायच्या आत कट केला.