डॉक्टरांना न सांगितलेली कॅप्सूल

“सध्या कोणती औषधे चालू आहेत?” असे डॉक्टरांनी विचारले की आपण रक्तदाबाची गोळी सांगतो, थायरॉइडची सांगतो, रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफांसाठी स्वतःहून सुरू केलेली वनौषधीची कॅप्सूल मात्र सांगत नाही, कारण आपल्या लेखी ती औषध नसतेच. या काळात वनौषधी घेण्यापेक्षा ती न सांगणे मला अधिक धोक्याचे वाटते.

उदासपणासाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती पाहा. औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरांचे (एन्झाइमांचे) काम ती वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या किंवा रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन यांचा प्रभाव कमी होतो. सलग 12 महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती झाली असे मानतात. तोवर पाळी कितीही अनियमित असली तरी गर्भधारणा होऊ शकते, हे अनेकींच्या ध्यानात नसते. शिवाय नैराश्यावरील काही गोळ्यांबरोबर ही वनस्पती घेतल्यास सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचा परिणाम घातक ठरण्याइतका वाढू शकतो.

गरम वाफांसाठी ब्लॅक कोहोश या वनस्पतीचे नाव फार घेतले जाते. तिच्या उपयोगाविषयीचे पुरावे परस्परविरोधी आहेत आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून यकृताचा आजार असलेल्यांनी ती टाळलेली बरी आणि इतरांनीही लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा अंगाला खाज सुटणे यांपैकी काहीही जाणवल्यास ती तत्काळ थांबवून तपासणी करून घ्यावी. सोया आणि रेड क्लोव्हर यांच्या अर्कांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागणारे घटक असतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने ते कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

गरम वाफा आपसूकही कमीजास्त होतात, आणि औषधच नसलेल्या गोळीनेही पुष्कळ स्त्रियांना बरे वाटल्याचे चाचण्यांत दिसते. त्यामुळे चार वनस्पतींचे मिश्रण घेण्यापेक्षा एका वेळी एकच घ्यावी आणि त्रासाची रोजची नोंद ठेवावी, असे माझे मत आहे. मिश्रणाने अपाय झाला तर दोष कोणाचा, हे कळणारच नाही. शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूलतज्ज्ञांनाही हे सारे आधीच सांगावे. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र कोणताही काढा घेत वाट पाहू नये. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही ना, याची तपासणी लगेच करून घ्यावी लागते.