दोनदा कापले गेलेले ३९९ रुपये परत मिळवताना

माझी मुलगी लातूरला बारावीला आहे, नीटची तयारी करते, हॉस्टेलवर राहते. मी मार्केट यार्डात एका आडत दुकानावर हिशेब लिहितो आणि बायको रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावी शेती बघते. मुलीचा सगळा खर्च बायकोच्या खात्यातून जातो. मेस, हॉस्टेल, पुस्तकं आणि सरावपरीक्षांचं एक ॲप, त्याचे महिन्याला ३९९ रुपये. ॲप चांगलं आहे, मुलीला त्याचा उपयोग होतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी सोसला आहे. आमचंही सोयाबीन पाण्यात गेलं. घरात एकेका रुपयाचा विचार सुरू झाला. ऑक्टोबरात बायकोनं पासबुकावर एंट्री मारून आणली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. "आवो, त्या परीक्षेच्या ॲपचे पैसे दोन-दोनदा कापायलेत की. ह्याच महिन्यात नाही, मागच्या महिन्यांत बी हायेत."

खरंच होतं. जूनपासून दर महिन्याच्या ५ तारखेला ३९९ आणि १८ तारखेला पुन्हा ३९९. रक्कम तीच, कंपनी तीच. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "पप्पा, मी एकदाच भरते. माझ्या ॲपमध्ये एकच प्लॅन दिसतो." तिनं लगेच स्क्रीनशॉट पाठवला. त्यात एकच प्लॅन होता, १८ तारखेचा.

आता ५ तारखेचे पैसे कोण नेतंय हे शोधायचं होतं. पासबुकावर मजकूर अर्धवट छापला जातो, म्हणून बँकेच्या ॲपमधून सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं आणि दोन्ही नोंदी एकाखाली एक ठेवून वाचल्या. १८ तारखेच्या ओळीत सुरुवातीलाच यूपीआय असं लिहिलेलं आणि पुढं बारा आकडी नंबर. ५ तारखेच्या ओळीत यूपीआय हा शब्दच नाही, तिथं डेबिट कार्डाचे शेवटचे चार आकडे. म्हणजे पैसे एकाच खात्यातून जात होते, पण दोन वेगळ्या वाटांनी. आडतीवर कधीकधी एकाच शेतकऱ्याची दोन खाती निघतात, एक वडिलांच्या नावासकट आणि एक आडनावानं, आणि उचल दोन्हीकडं पडत राहते. तसंच हे होतं.

मग मुलीला नीट आठवलं. अकरावीत तिनं ॲप घेतलं तेव्हा ईमेल टाकून खातं उघडलं होतं आणि आईच्या डेबिट कार्डावरून पैसे भरले होते. यंदा जूनमध्ये कंपनीनं ॲप बदललं. ईमेलनं लॉगिन बंद, मोबाइल नंबर आणि ओटीपी सुरू. तिनं नंबर टाकला तर जुना प्लॅन दिसेना, 'तुमचा प्लॅन संपला आहे, नूतनीकरण करा' असा संदेश आला. तिनं यूपीआयनं नूतनीकरण केलं. कंपनीच्या बाजूनं ती नवी गिऱ्हाईक झाली. जुनं खातं मात्र आत जिवंत राहिलं, आणि कार्डावरची जुनी परवानगीही जिवंत राहिली. त्या खात्यात शिरायची वाटच कंपनीनं बंद केलेली, त्यामुळं रद्द करायचं बटणही आमच्या हाती नाही.

ही परवानगी म्हणजे मँडेट. रिझर्व्ह बँकेनं कार्डावरच्या अशा नियमित कपातीची चौकट २०१९च्या ऑगस्टात आखली आणि १ ऑक्टोबर २०२१पासून ती सक्तीनं लागू झाली. पहिल्यांदा ओटीपी देऊन परवानगी द्यायची. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला पुन्हा ओटीपी लागत नाही. यूपीआयचं ऑटोपे २०२० साली आलं, तिथंही एकदा पिन टाकला की पुढची कपात आपोआप. म्हणून ॲप फोनमधून काढून टाकलं तरी पैसे जायचे थांबत नाहीत. परवानगी फोनमधल्या ॲपमध्ये नसते, ती बँकेकडं नोंदलेली असते.

याच नियमात आपल्या बाजूची एक मोठी गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवलं पाहिजे: कोणाला, किती, कधी. त्याच सूचनेत ती कपात किंवा अख्खं मँडेट नाकारायची सोय द्यायची आहे. शिवाय कार्डधारकाला केव्हाही मँडेट मागे घेता यावं अशी ऑनलाइन सोय ठेवणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि या सगळ्याला शुल्क लावता येत नाही. बायकोच्या फोनमध्ये शोधलं तर ४ तारखेचे मेसेज सापडले. सगळे इंग्रजीत, कर्ज देतो म्हणणाऱ्या आणि रिचार्जच्या मेसेजांच्या ढिगात. माझी बायको पासबुकातला पैसा न पैसा जुळवते, पण इंग्रजी वाचत नाही. तिच्या पैशाची सूचना तिच्या भाषेत येत नाही, हे मला फार लागलं. खातं उघडताना फॉर्म मराठीत भरून घेतात, मग पैसे कापतानाचा मेसेज मराठीत द्यायला काय अडचण आहे?

पुढच्या कपातीआधी मँडेट बंद करणं पहिलं काम होतं. आम्ही दोघं शाखेत गेलो. अतिवृष्टीच्या अनुदानासाठी लोक दारापर्यंत उभे होते, कर्मचाऱ्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "काका, हे आमच्या हातात नाही, ॲपवाल्यांशी बोला. नाहीतर कार्ड ब्लॉक करून टाका, प्रश्न मिटला." कार्ड ब्लॉक केलं तर बायकोचं एटीएम बंद, आणि गेलेले पैसे तर परत येत नाहीतच. मी नको म्हटलं. दुसऱ्या साहेबांनी फ्रॉडचा अर्ज पुढं केला. तोही मी भरला नाही. आपण न केलेला व्यवहार झाला असेल तर तो अर्ज ताबडतोब भरायचा. बँकेची आणि आपलीही चूक नसताना तिसऱ्याच कोणीतरी पैसे काढले असतील आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर भार पडत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे. पण आमच्या बाबतीत परवानगी एकदा दिलेली होती. फ्रॉड म्हणून दिलं असतं तर तपासात 'ग्राहकाचीच संमती' असं निघून कागद बंद झाला असता. मी साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला: या कार्डावरचं या कंपनीचं मँडेट बंद करावं. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घेतली.

मँडेट प्रत्यक्षात बंद झालं ते रविवारी, मुलगी गावी आली तेव्हा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डांच्या विभागात, बरंच आत, ई-मँडेट नावाची यादी सापडली. त्यात कंपनीचं नाव, 'चालू' असा शेरा आणि पुढची तारीख, ५ नोव्हेंबर. रद्द करा दाबलं, ओटीपी आला, टाकला, शेरा बदलला. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. बायकोनं तिथंच विचारलं, "मग यूपीआयची यादी कुठं असती?" तीही दाखवली. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून वेगळी जागा असते, तिथं थांबवा आणि रद्द करा असे दोन पर्याय असतात. कार्डावरची मँडेटं या यादीत दिसत नाहीत आणि यूपीआयची कार्डाच्या यादीत दिसत नाहीत. पैसे दोनदा कापले जात असतील तर दोन्ही ठिकाणी बघावंच लागतं. मोबाइलच्या प्ले स्टोअरमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन असेल तर तिसरी यादी तिथं.

गेलेले पैसे कंपनीकडून मागायचे होते. आधी यार्डातल्या एका मित्रानं इंटरनेटवर शोधून कंपनीचा म्हणून एक नंबर दिला. तिकडचा माणूस फार गोड बोलला, पैसे लगेच देतो म्हणाला, आणि एक क्यूआर पाठवून स्कॅन करून पिन टाका म्हणाला. मी फोन ठेवला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. परताव्याच्या आशेवर असलेल्या माणसाला गाठायला हे लोक टपूनच बसलेले असतात. कंपनीचा पत्ता कंपनीच्याच ॲपमधून, तक्रार निवारण अधिकारी असं लिहिलेल्या जागेवरूनच घ्यावा. असं कोणाच्या हातून पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच सांगावं.

त्या अधिकाऱ्याला मी ईमेल लिहिला. लांबलचक नाही. जुना ईमेल आणि नवा मोबाइल नंबर, म्हणजे दोन खात्यांची ओळख. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या जादा कपातीच्या तारखा, रक्कम आणि व्यवहार क्रमांक. एकूण १,५९६ रुपये. मागणी दोनच: जुनं खातं बंद करा आणि पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत करा. जूनची ५ तारीख मी मागितली नाही, कारण तेव्हा जुना प्लॅन चालू होता आणि मुलगी तो वापरत होती. आपला हिशेब स्वच्छ असला की समोरच्याला त्यात बोट घालायला जागा राहत नाही. ई-कॉमर्सचे २०२०चे नियम सांगतात की तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात झालं पाहिजे. तेवढं एक वाक्य शेवटी घातलं.

पहिलं उत्तर आलं की आमच्या नोंदीप्रमाणं तुमचा एकच प्लॅन आहे. त्यांनी फक्त मोबाइल नंबरचं खातं बघितलं होतं. मी स्टेटमेंटची ती दोन ओळींची प्रत पुन्हा लावली, कार्डाचे आकडे अर्धे झाकून. मग म्हणाले, धोरणानुसार सबस्क्रिप्शनचे पैसे परत होत नाहीत, पण सदिच्छा म्हणून ॲपमध्ये तेवढ्या रकमेचे पॉइंट जमा करतो. मुलीची परीक्षा मे महिन्यात. पॉइंट घेऊन आम्ही काय करणार होतो? मी नाही म्हणून कळवलं. पुढं उत्तरच येईना.

तेव्हा १९१५ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि सगळी गोष्ट उलगडली: "रद्द करायचा पर्याय तुम्हाला कुठं मिळत होता?" मी सांगितलं, कुठंच नाही, ते लॉगिनच कंपनीनं बंद केलंय. त्यांनी ते तक्रारीत लिहून घेतलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला चकवायला ॲपमध्ये केलेल्या रचनांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, तेरा प्रकार दिले आहेत, त्यातला एक सबस्क्रिप्शनचा सापळा. घेणं सोपं आणि सोडणं अवघड किंवा अशक्य करून ठेवणं हा त्याचाच भाग. तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ते कंपनीकडं तक्रार पाठवून उत्तर मागतात. पण कंपनीचा सूर बदलला. माफी मागणारा ईमेल आला, त्यात पहिल्यांदाच दोन खात्यांचा उल्लेख होता. सोयाबीनची आवक अजून चालू होती, दुकानावर श्वास घ्यायला वेळ नव्हता, तेव्हा बायकोचा फोन आला की १,५९६ जमा झालेत.

नसते झाले तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाणार होतो. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही आणि २०१९च्या कायद्यानं ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, कंपनी बेंगळुरूची असो की कुठलीही.

हे मुलीनं हॉस्टेलवर सांगितलं तर आणखी काही मुलींच्या घरी तेच चाललेलं निघालं. सगळ्या जुन्या, ईमेलनं खातं उघडलेल्या. आईवडील अहमदपूर, कंधार, गंगाखेडकडचे, पासबुक वर्षातून एखाद्या वेळी भरणारे. एकीच्या घरी ३९९ म्हणजे दीड दिवसाची मजुरी, आणि ती जुलैपासून दर महिन्याला जात होती. मी त्यांच्या पालकांशी फोनवर बोललो, आमच्या ईमेलचा मसुदा दिला. अहमदपूरच्या मुलीचे पैसे आले. कंधारच्या मुलीच्या वडिलांचं काम अडलंय, कारण त्यांच्या बँकेच्या ॲपमध्ये मँडेटची यादीच दिसत नाही आणि शाखा हात वर करते. त्यांनी बँकेला लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या पोर्टलवर अर्ज भरायचा. तो अर्ज मी त्यांना भरून देणार आहे. त्यांना तोवर एवढंच सांगितलंय की ४ तारखेला इंग्रजी मेसेज आला की उघडायचा, त्यातल्या लिंकला हात लावायचा नाही आणि आधी मला फोन करायचा.