तिसऱ्यांदा हॅरो

रविवार, रात्री दीड.

'हॅरो द नाइन्थ' तिसऱ्यांदा संपवलं. उद्या ऑफिस आहे, डोळे चुरचुरतायत, झोपेचं नाव नाही.

पहिल्या खेपेला साठेक पानांवरच वैतागून मिटलं होतं. आधीचं 'गिडियन द नाइन्थ' (२०१९) काय झक्कास होतं! काळा गॉगल घालणारी, तोंडाळ, तलवारबाज गिडियन आणि हाडाच्या तुकड्यातून सांगाडे उभे करणारी हॅरो. लहानपणापासूनच्या हाडवैरिणी. (हा शब्द इतका चपखल आणखी कुठे बसला नसेल.) आणि दुसरं पुस्तक उघडावं तर बरंचसं 'तू'मध्ये, त्यात पहिल्या पुस्तकात घडलेलं इथे भलतंच घडलेलं! लेखिका टॅम्सिन म्युअरबाई विसरल्या की काय? रागाने मैत्रिणीला मेसेज केला. उत्तर आलं, "'तू' म्हणतंय कोण ते बघ. आणि गप वाच."

आज तो आवाज सुरुवातीपासूनच ऐकू आला आणि एकटीच हसत सुटले. कुणाचा ते इथेही लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर?

सोळाव्या वर्षी पुस्तकांत माझ्यासारखी शोधायचे, तेव्हा सापडायची ती एकतर मरायची नाहीतर लग्न करून निघून जायची. इथे बाईने बाईवर जीव टाकला याचं कुणाला काहीच नाही. घरी कसं सांगू, असलं रडगाणं नाही. मरतात म्हणा, ढिगाने मरतात. पण प्रेम केलं म्हणून नाही. आणि मेल्यावरही गप्प बसत नाहीत!

परवा ही पुस्तकं वाचणाऱ्या आम्ही सगळ्यांनी हॅरोसारखी तोंडाला कवटी रंगवून व्हिडिओ कॉलवर यायचं ठरवलं. पांढरा रंग जमला. ओठांवर दातांच्या उभ्या रेघा काढताना मात्र हसू आलं की रेघ वाकडी. चौथ्यांदा जमल्या, तर बोलायला तोंड उघडल्याबरोबर दात फाटले. तशाच अवतारात दोन तास 'अलेक्टो'त, म्हणजे मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात, काय होणार यावर भांडलो. ही मालिका तीनच पुस्तकांची असणार होती. शेवटच्या पुस्तकाची सुरुवातच फुगत गेली आणि तिचं 'नोना द नाइन्थ' (२०२२) झालं. तक्रार नाही. नोनावर माझा भारी जीव आहे.

आत्ताच मैत्रिणीचा मेसेज: "आता गिडियन परत काढ. सुरुवातीची पात्रांची यादी नीट बघ."

कथेतल्या नऊ घराण्यांपैकी सेक्स्टस सहाव्या घराण्याचा, सेप्टिमस सातव्या... आडनावांतच आकडे लपलेत हे मला आज दिसतंय. पावणेदोन वाजले. चौथं घराणं शोधतेय.