तीन सुटे पाय, त्यातले दोन उजवे

सात बरण्या आल्या होत्या आणि सातही चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं: अकँथोस्कुरिया जेनिक्युलाटा, ब्राझील. परवान्याविना पार्सलमधून पाठवलेले हे मोठे टारंटुला कोळी वाटेतच मेले होते. जप्तीनंतर कुणीतरी ते अल्कोहोलमध्ये टाकले आणि बरण्या ओळख पटवण्यासाठी माझ्या टेबलावर पोचल्या. ब्राझीलचे वन्यजीव परवान्याशिवाय बाहेर नेणं १९९८ च्या तिथल्या पर्यावरणविषयक कायद्याखाली गुन्हा आहे, मग जात कुठलीही असो. तरी कागदावर जातीचं नाव चुकलं की बाकीच्या कागदांवरही शंका घेतली जाते. म्हणून सातही नग उघडायचे ठरवले.

चिठ्ठी लिहिणाऱ्याने गुडघे बघून नाव दिलं असणार हे उघड होतं. लॅटिनमध्ये 'जेनू' म्हणजे गुडघा. कोळ्यांचे जर्मन अभ्यासक कोख यांनी १८४१ मध्ये या जातीचं वर्णन केलं, तेव्हापासून काळपट पायांच्या सांध्यांवरचे पांढरेशुभ्र पट्टे हीच तिची ओळख होऊन बसली आहे. कोळी पाळणारेही तिला याच पट्ट्यांवरून ओळखतात. पण ब्राझीलमध्येच न्यांडू नावाचा दुसरा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आहे. तुपी-ग्वारानी भाषांमधल्या 'कोळी' या अर्थाच्या शब्दावरून सिल्विया लुकास यांनी १९८३ मध्ये त्याला हे नाव दिलं. त्यातल्या न्यांडू कोलोराटोविलोससच्या पायांवरही असेच पांढरे पट्टे असतात आणि पोटावर तसेच लांब तांबूस केस असतात. जिवंतपणी सरावलेला डोळा दोघांत फरक करू शकतो. अल्कोहोलमध्ये काही महिने गेले की तांबूस रंग विटतो, पांढरा पिवळट होतो आणि दोन्ही कोळी सारखेच मातकट दिसू लागतात.

म्हणून पट्टे सोडून पायाच्या मुळाशी जायचं. कोळ्याच्या पायाला मुळापासून टोकापर्यंत सात भाग असतात: कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस आणि टार्सस. तोंडाजवळच्या पाल्पला, म्हणजे पायासारख्या छोट्या अवयवाला, मेटाटार्सस नसतो, म्हणून सहाच. ट्रोकँटर हा दुसरा भाग आखूड कड्यासारखा असतो आणि वरून बघितलं तर लक्षातही येत नाही. अकँथोस्कुरियामध्ये पाल्पच्या ट्रोकँटरच्या मागच्या बाजूला आणि पहिल्या पायाच्या ट्रोकँटरच्या पुढच्या बाजूला, म्हणजे एकमेकांकडे तोंड केलेल्या दोन पृष्ठांवर, जाड केसांचा एकेक झुपका असतो. कोळी डिवचला गेला की हे दोन झुपके एकमेकांवर घासतो आणि फुत्कारासारखा आवाज येतो. न्यांडूमध्ये ही सोय नाही. लासिओडोरा या तिसऱ्या ब्राझिलियन वंशात आवाजाचे केस असतात, पण ते एक भाग आधी, कॉक्सावर. त्यामुळे 'आवाजाचे केस आहेत' एवढी नोंद पुरत नाही, ते कुठल्या भागाच्या कुठल्या बाजूला आहेत तेही लिहावं लागतं.

बघायची पद्धत अशी. पांढऱ्या बशीत धुतलेली बारीक वाळू घ्यायची, त्यावर अल्कोहोल ओतायचं आणि कोळी वाळूत टेकवून हव्या त्या कोनात स्थिर करायचा. मग बोथट सुईने पाल्प पुढे आणि पहिला पाय मागे सरकवायचा. जोर लावायचा नाही, कारण कोळ्याचा पाय तुटतो तो नेमका कॉक्सा आणि ट्रोकँटर यांच्यामधल्या सांध्यात. चिंबोरीचा डेंगा मुळाशी पिळला की अलगद हातात येतो, तसंच. आणि ट्रोकँटर तुटलेल्या पायाबरोबर जातो, धडाला फक्त कॉक्सा उरतो. सुटा पाय हरवला तर आपण जे बघायला आलो तेच हरवलं.

सांधा उघडला की दिवा बाजूने, अगदी खालून लावायचा. वरून प्रकाश पडला तर सगळे केस सारखेच चमकतात. द्रवाची पातळी इतकी कमी करायची की तेवढा भाग जेमतेम उघडा पडेल. तो मिनिटभर हवेवर राहिला की एकमेकांना चिकटलेले केस सुटतात. त्याहून जास्त वेळ ठेवायचं नाही, नाहीतर सांध्यांमधली मऊ त्वचा आक्रसते आणि मग पाल्प पुन्हा वळत नाही. चाळीसपट मोठं केल्यावर साधे केस निमुळते आणि विरळ दिसतात. आवाजाचे केस आखूड, जाड, टोकाकडे गदेसारखे फुगलेले आणि दाटीने उभे असतात. शंका आली तर त्याच कोळ्याच्या तिसऱ्या पायाचा ट्रोकँटर शेजारी बघायचा. तिथे फक्त साधे केस असतात, त्यामुळे तुलना लगेच होते. मी दर वेळी ही तुलना करते, नग कितीही सोपा वाटला तरी.

पहिल्या पाच बरण्यांत माद्या होत्या. एक, दोन, चार आणि पाच या बरण्यांत झुपके जागच्या जागी सापडले. तीन नंबरच्या मादीत काहीच नव्हतं. दोन्ही बाजू बघितल्या, कॉक्साही तपासला. ती न्यांडू होती. तिची जात ठरवण्यासाठी शुक्रकोश बघावे लागतात. ते पोटाच्या आतल्या बाजूला, पुढच्या दोन पुस्तकी फुप्फुसांच्या मधल्या खाचेच्या लगेच वर असतात. खाचेवरचा तुकडा कापून आतून साफ केला की ते उघडे पडतात. पण हा कोळी आत सडला होता. मोठा टारंटुला नुसता बरणीत टाकला तर अल्कोहोल पोटात वेळेवर पोचतच नाही. टाकण्याआधी पोटात सुईने अल्कोहोल भरावं लागतं किंवा बाजूला बारीक चीर द्यावी लागते. इथे तसं काही केलेलं नव्हतं आणि कापलेल्या तुकड्यातून लगदा निघाला. तिची नोंद वंशापर्यंतच राहिली.

दरम्यान पोटावरचे खाजरे केसही काढून बघितले. चिकटपट्टीने थोडे उचलायचे, ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवायचे आणि चारशेपट मोठे करून बघायचे. अकँथोस्कुरिया आणि न्यांडू, दोघांतही पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचे केस असतात, त्यामुळे निवाड्याला त्यांचा उपयोग नव्हता. फक्त दोन्ही वंश सोडून भलताच कोळी आलेला नाही एवढी खात्री झाली. हातमोजे, मास्क आणि चष्मा मात्र या कामात हवेतच. मेलेल्या कोळ्याचे, नुसत्या कातेवरचेसुद्धा, हे केस खाजकुइलीसारखे झोंबतात, आणि तिसऱ्या प्रकारचा केस डोळ्यात गेला तर बुबुळात खोल शिरतो.

सहा आणि सात नंबरच्या बरण्यांत प्रौढ नर होते. सहाच्या नराला पहिला उजवा पाय नव्हता आणि बरणीत सुटा पायही नव्हता. तो बाजूला ठेवून मी सातवी बरणी उघडली.

सातच्या नराचे दोन्ही पाल्प शाबूत होते. तीन पाय तुटलेले होते: पहिले दोन्ही आणि चौथा डावा. बरणीच्या तळाशी बरोबर तीन सुटे पाय होते. हिशोब जुळला म्हणून इथेच थांबावंसं वाटतं, आणि घोटाळा होतो तो इथेच. पाल्पच्या ट्रोकँटरवर मागच्या बाजूला गदेसारख्या केसांचा झुपका स्पष्ट होता. पाल्पच्या टिबियावर बाहेरच्या बाजूला छोटा उंचवटाही होता, जो अकँथोस्कुरियाच्या नरात असतो. धड अकँथोस्कुरियाचं, यात वाद नव्हता.

मग सुटे पाय. एक चौथा पाय होता, तो ठीक. उरलेले दोन पहिले पाय, कारण दोघांच्याही टिबियाच्या टोकाशी नराचा आकडा होता. मीलनाच्या वेळी मादीचे विषदंत अडवून धरण्यासाठी नर हा आकडा वापरतो. अकँथोस्कुरियाच्या नरात आकड्याला एकच फाटा असतो आणि न्यांडूच्या नरात दोन. माझ्या बशीतल्या एका पायाला एक फाटा होता आणि दुसऱ्याला दोन.

एका फाट्याच्या पायाचा दुसरा फाटा मोडला असेल का, हे आधी तपासलं. मोडलेला फाटा मागे खरबरीत, फिकट कडेची खूण ठेवतो. इथे पृष्ठ गुळगुळीत होतं आणि केस अखंड होते, म्हणजे दुसरा फाटा तिथे कधी नव्हताच. मग दोन्ही पाय शेजारी ठेवून बाजू ठरवली. टार्ससच्या तळाची मऊ गादी खाली आणि ट्रोकँटर आपल्याकडे ठेवला की आकडा पायाच्या खालच्या-पुढच्या कडेला येतो, म्हणजे उजव्या पायात डावीकडे आणि डाव्या पायात उजवीकडे. दोन्ही पायांत तो डावीकडेच होता. दोन्ही पाय उजवे. एका कोळ्याला पहिले उजवे पाय दोन असू शकत नाहीत.

पाय ट्रोकँटरसकट तुटतो याचा आता फायदा झाला. एका फाट्याच्या पायाच्या ट्रोकँटरवर पुढच्या बाजूला झुपका होता आणि दोन फाट्यांच्या पायाचा ट्रोकँटर साधा होता. आकडा आणि केस या एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन खुणा एकाच बाजूने साक्ष देत होत्या. सहा नंबरचा नर पुन्हा बशीत घेतला. पाल्पवर झुपका नाही, टिबियावर उंचवटा नाही, उरलेल्या पहिल्या डाव्या पायाच्या आकड्याला दोन फाटे. त्या पायाची पटेला, टिबिया आणि मेटाटार्सस मोजून सुट्या पायाशी ताडून बघितली. तिन्ही मापांतला फरक माझ्या मोजण्याच्या चुकीपेक्षा जास्त नव्हता. तुटलेलं टोक कॉक्सात बसतं का हे बघण्यात अर्थ नसतो, कारण अल्कोहोलमध्ये दोन्ही बाजू वेगवेगळ्या आक्रसतात.

बरण्या भरताना सहाचा पाय सातमध्ये गेला होता आणि सातचा पहिला डावा पाय कुठेतरी सांडला होता. तळाशी तीन पाय दिसल्यामुळे तो हरवल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. समजा धड नासलं असतं आणि फक्त दोन फाट्यांचा पाय हाती लागला असता, तर सातचीही नोंद न्यांडू अशीच झाली असती.

दोन्ही नरांचे डावे पाल्पबल्ब, म्हणजे पाल्पच्या टोकाचे मीलनाचे अवयव, काढून बघायचे राहिले होते. सुई बल्बच्या मागच्या खोबणीत घालून तो हलकेच फिरवला की बाहेर येतो. वाळूत रोवून त्याच्या कडा आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंनी रेखाटल्या आणि प्रसिद्ध आकृत्यांशी जुळवल्या. सात जेनिक्युलाटा ठरला, सहा कोलोराटोविलोसस. बल्ब छोट्या कुपीत, कुपी त्याच बरणीत, आणि कुपीत शाईने लिहिलेली वेगळी चिठ्ठी.

दोन फाट्यांच्या पायासाठीही वेगळी कुपी केली आणि ती सहाच्या बरणीत ठेवली. जुन्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत, नव्या त्यांच्या शेजारी घातल्या. कुपीतल्या चिठ्ठीवर लिहिलं: 'पहिला उजवा पाय. बरणी ७ मध्ये सापडला. मापांवरून या नराचा असावा.' सातच्या चिठ्ठीवर 'पहिला डावा पाय नाही' एवढी ओळ वाढवली.